फोनला तुमची मराठी कळते का?

बोललं की टाइप होतं, दाखवलं की नाव सांगतं. फोनला आता ऐकू येतं आणि दिसतंही. पण हे त्याला शिकवलं कुणी? आणि त्याच्या कानाला तुमच्या गावची बोली ओळखीची आहे का?

आत्ता हे वाचताय ना, मग एक काम करा. फोन घ्या. कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबा, भाषा मराठी करा आणि मित्राला सांगता तसं सांगा : ‘अरे, उद्या सबमिशन आहे, माझं जर्नल तुझ्याकडेच राहिलंय, सकाळी नऊला गेटवर घेऊन ये.’

तुम्ही बोलून थांबेपर्यंत वाक्य स्क्रीनवर आलेलं असतं. मागे पंखा घरघरत असेल, किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली असेल, तरी बहुतेक शब्द बरोबर. ‘सबमिशन’, ‘जर्नल’, ‘गेट’ हे शब्द मराठी वाक्यात घुसलेत, याचंही त्याला काही वाटत नाही.

आता कॅमेरा उघडा. गूगल लेन्ससारखं एखादं ॲप घ्या आणि खिडकीतल्या कुंडीवर धरा. झाडाचं नाव येईल. इंटर्नशिपसाठी चेन्नईला गेलेल्या मैत्रिणीला विचारा, बसवरची तमिळ पाटी ती कशी वाचते. कॅमेरा पाटीवर धरला की अक्षरांच्या जागी ओळखीची भाषा दिसते.

आणि आता तिसरा प्रयोग. तेच पहिलं वाक्य पुन्हा बोला, पण तुमच्या आजीच्या भाषेत. घर अकोल्याकडचं असेल तर ‘मले’ म्हणा, कणकवलीकडचं असेल तर ‘माका’ म्हणा, सोलापूरकडचं असेल तर ‘गेल्तो’, ‘आल्तो’ येऊ द्या. गुळगुळीत करू नका, घरात बोलता तसंच बोला. काय उमटलं?

काहींच्या फोनवर बरोबर येईल. काहींच्या फोनवर भलतंच काहीतरी. काहींच्या फोनने गुपचूप ‘दुरुस्ती’ केलेली असेल : बोललात ‘गेल्तो’, लिहिलं ‘गेलो होतो’. हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आधी या फोनला ऐकायला आणि बघायला शिकवलं कसं, ते बघावं लागेल. ती गोष्ट भारी आहे.

कपाटाएवढा कान

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र तयार झालं. त्याची उंची माणसाएवढी. त्याला कळायचं काय, तर शून्य ते नऊ हे आकडे. तेही ज्या माणसाच्या आवाजावर ते बेतलेलं होतं त्याने, मध्ये थांबत थांबत म्हटले तर. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, आयबीएमने सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ मांडलं. बुटांच्या खोक्याएवढं म्हणून नाव शूबॉक्स. त्याला १६ शब्द समजायचे. त्यातले दहा पुन्हा आकडेच.

या गोष्टीत एक भारतीय नावही आहे. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर भागातल्या कातूर गावात जन्मलेले राज रेड्डी मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. माणूस थांबत थांबत नाही, सलग बोलतो. ते सलग बोलणं यंत्राला कळलं पाहिजे, या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिलं. त्यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७६ मध्ये ‘हार्पी’ नावाची प्रणाली तयार झाली. तिला १,०११ शब्द कळायचे, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाएवढे. कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वांत मोठा मान म्हणजे ट्युरिंग पुरस्कार. तो रेड्डींना १९९४ मध्ये मिळाला.

नुसते आकडे ओळखण्यापासून हजार शब्दांपर्यंत यायला २४ वर्षं लागली. आणि आता? २०१९ मध्ये गूगलने आवाजावरून टाइप करण्याची अख्खी यंत्रणा फोनच्या आत बसवून दाखवली, तीही ८० एमबीत. नेट नको, सर्व्हर नको. ऑड्रीला एक कपाट लागलं होतं. इथे ज्या जागेत तुमच्या फोनमधले पंचवीसेक फोटो बसतील, त्या जागेत एक भाषा ऐकणारा कान बसला. ती भाषा अर्थातच अमेरिकन इंग्रजी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आवाज ‘दिसतो’ कसा?

तुम्ही बोलता तेव्हा फोनला शब्द ऐकू येत नाहीत. माइकमधून त्याला मिळतात आकडे. बोलणं ओळखण्यासाठी साधारणपणे एका सेकंदाच्या आवाजाचे १६ हजार आकडे घेतले जातात. हवेचा दाब किती वर गेला, किती खाली आला, एवढंच त्यात असतं. आता त्यातून ‘जर्नल’ कसं शोधणार?

युक्ती अशी : आवाजाचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा सेकंदाच्या चाळीसाव्या भागाएवढा. प्रत्येक तुकड्यात जाड सूर किती, बारीक सूर किती, हे मोजायचं. मग हे सगळे तुकडे शेजारीशेजारी लावायचे. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची उंची, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. झालं आवाजाचं चित्र तयार. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात ‘स’ म्हणजे वरच्या बाजूला पसरलेला धुरळा दिसतो, ‘आ’ म्हणजे आडवे जाड पट्टे दिसतात. सराव झाला की माणसालाही थोडंफार वाचता येतं.

म्हणजे ऐकण्याचं कोडं बरंचसं बघण्याचं कोडं होऊन जातं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ नावाचं ॲप आहे. पक्ष्याची शीळ ऐकून ते पक्ष्याचं नाव सांगतं. ते नेमकं हेच करतं : शिळेचं चित्र बनवतं आणि फोटो ओळखावा तसं ते चित्र ओळखतं.

माणसाच्या बोलण्यात मात्र एवढ्यावर भागत नाही. ‘काल आला होता’ आणि ‘काळ आला होता’ यांची चित्रं जवळपास सारखीच. यातलं कुठलं? इथे फोन पुढचं-मागचं बघतो. पुढे ‘पण वेळ आली नव्हती’ असं आलं, तर ‘काळ’. पुढे ‘पण तू घरी नव्हतास’ असं आलं, तर ‘काल’. म्हणजे अर्धं काम कानाचं आणि अर्धं अंदाजाचं. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्याने आधीच लाखो वाक्यांवरून शिकून ठेवलेलं असतं.

तुमचा ‘गेल्तो’ कुठे हरवला, ते आता लक्षात आलं? फोनने ज्या वाक्यांवरून अंदाज बांधायचं शिकलं, त्यांत ‘गेलो होतो’ भरपूर होतं आणि ‘गेल्तो’ फारच कमी. मग कानाने बरोबर ऐकलं, तरी अंदाज त्याला पुस्तकी मराठीकडे ओढत नेतो.

उन्हाळ्याच्या सुटीत होऊन जाईल!

बघण्याची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सीमोर पॅपर्ट यांनी एक टिपण लिहिलं. उन्हाळ्याच्या सुटीत काही मुलांना कामाला लावू आणि कॉम्प्युटरला चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवण्याच्या कामाचा बराचसा भाग उरकून टाकू, असा बेत होता. ‘समर व्हिजन प्रोजेक्ट’ हे त्याचं नाव. सुटी संपली. काम पुढची जवळजवळ पन्नास वर्षं चाललं.

अडलं कुठे? तर मांजर म्हणजे काय, हे नियमांत सांगता येत नाही. दोन कान, चार पाय, मिशा, असं लिहून दिलं, तरी मांजर पाठमोरं बसलं किंवा पांघरुणात शिरलं की नियम गडबडतो. तुम्हाला लहानपणी कुणी मांजराची व्याख्या पाठ करायला लावली नव्हती. तुम्ही मांजरं बघितलीत, आणि कुणीतरी म्हणालं, ‘ती बघ माऊ.’

यंत्रालाही तसंच शिकवावं, या विचाराने फेई-फेई ली या प्राध्यापिकेने ‘इमेजनेट’ नावाचा फोटोंचा साठा उभा करायला घेतला. २००९ मध्ये तो जगापुढे आला. पुढे त्यात एक कोटी चाळीस लाखांहून जास्त फोटो जमले. प्रत्येक फोटोत काय आहे, ते माणसांनी बघून लिहिलं. १६७ देशांतली जवळपास ५० हजार माणसं इंटरनेटवरून थोड्याथोड्या पैशांत हे काम करत होती.

या साठ्यावर दरवर्षी स्पर्धा व्हायची. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाचे ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर हे दोन विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक जेफ्री हिंटन उतरले. त्यांनी मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेलं तंत्र वापरलं, म्हणजे न्यूरल नेटवर्क. यंत्राने पाच नावं सुचवायची आणि त्यांत एकही बरोबर नसेल तर चूक धरायची, असा नियम. दुसऱ्या नंबरच्या संघाच्या चुका २६.२ टक्के, यांच्या १५.३ टक्के. आणि सामान काय होतं? गेमिंगसाठी दुकानात मिळणारी दोन ग्राफिक्स कार्डं! पाच-सहा दिवस ती चालत राहिली आणि जाळं शिकत राहिलं. त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठ, मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि आयबीएम यांच्या संशोधकांनी मिळून लिहिलं, की बोलणं ओळखण्यातही हीच जाळी जुन्या तंत्राला मागे टाकतायत. २०२४ मध्ये हिंटन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच वाटेवरच्या पायाभूत कामासाठी.

जाळ्याची कल्पना काही २०१२ ची नव्हती, ती कितीतरी जुनी होती. तिला कमी पडत होतं ते दोनच गोष्टींचं बळ : वेगवान मशीन आणि भरपूर उदाहरणं. मशीन विकत मिळतं. उदाहरणं माणसांकडूनच येतात. कुणीतरी फोटो काढलेला असतो, कुणीतरी त्याखाली ‘मांजर’ लिहिलेलं असतं, कुणीतरी वाक्य बोललेलं असतं, कुणीतरी ते ऐकून टाइप केलेलं असतं. तुमच्या फोनच्या कानामागे आणि डोळ्यामागे अशी हजारो माणसं आहेत, ज्यांची नावं कुठेच नाहीत.

ज्याचा आवाज साठ्यात नाही, तो फोनला ऐकू येत नाही

पुढची गोष्ट सरळ आहे. यंत्र उदाहरणांवरून शिकतं. मग ज्यांची उदाहरणं कमी, त्यांच्या बाबतीत ते जास्त चुकतं.

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याहूनही कमी. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रणालीच्या चुका ३४.७ टक्के. म्हणजे दर तिघींत एक! २०२० मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या माणसांच्या बोलण्यातल्या दर शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. फरक फक्त बोलण्याच्या धाटणीचा.

आता मराठीकडे या. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. पण गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग आलं ते २०१७ मध्ये, म्हणजे इंग्रजीत फोनशी बोलणं सुरू झाल्यावर बरीच वर्षं गेल्यावर. २०२२ मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ नावाची आवाज ओळखणारी प्रणाली खुली केली. ती शिकली ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावरून. दिवसरात्र ऐकायचं म्हटलं, तर ७७ वर्षं लागतील! पण त्यातले ४ लाख ३८ हजार तास एकट्या इंग्रजीचे. इतर ९६ भाषांतलं बोलणं त्या-त्या भाषेत लिहून घेतलेलं, असं सगळं मिळून १ लाख १७ हजार तास. त्या ९६ भाषांच्या पंगतीत आपली मराठी बसलेली. आणि तिच्या ताटात जे काही वाढलं गेलं असेल, त्यातलं वऱ्हाडीला, अहिराणीला, मालवणीला किती पोचलं असेल?

‘मग काय बिघडलं? मी इंग्रजीत बोलेन फोनशी,’ असं कुणी म्हणेल. बरेच जण करतातच तसं. अलार्म लावायचा असेल, गाणं लावायचं असेल, तर नकळत आवाज बदलतो, घासूनपुसून इंग्रजी येतं. काही हरकत नाही. पण थोडा पुढचा विचार करा. २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ हा बोलका चॅटबॉट आला. हप्ता का अडकला, हे शेतकऱ्याने बोलून विचारायचं. बँका, विमा, दवाखाने यांच्या हेल्पलाइनही हळूहळू यंत्राच्या कानाकडे चालल्यात. ‘तुमचं बोलणं समजलं नाही, कृपया पुन्हा बोला,’ हे वाक्य तुम्ही ऐकलंत तर वैतागून बटण दाबाल. तुमच्या आजोबांनी तीनदा ऐकलं तर ते फोन ठेवून देतील. आणि त्यांना वाटेल, की आपल्यालाच नीट बोलता येत नाही.

हे वाटणं आपल्याला नवीन नाही. बुलडाण्याहून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात ‘मले’चं ‘मला’ करतो. कुणी हसतं, म्हणून करतो. आता तेच फोनसाठी करायचं? माणसं हसतात तेव्हा निदान एखादा मित्र बाजू घेतो. फोन हसत नाही, नुसता चुकीचं लिहितो, आणि आपण गुपचूप आपली भाषा बदलतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तो दर्जा भाषेच्या जुनेपणाचा. तिच्या उद्याचं काय, हे ठरणाऱ्या जागांपैकी एक जागा तुमच्या खिशात आहे.

३६ जण, १०९ तास

आता चांगली बातमी. हे बदलता येतं, आणि बदलणारी माणसं फार लांबची नाहीत.

काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या एका गटाने एक प्रयोग केला. साध्या स्मार्टफोनवर मराठी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, त्याचे पैसे द्यायचे. असं काम सहसा कॉलेजच्या मुलांना देतात. इथे तीन गट घेतले : खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण माणसं फक्त ३६. त्यांनी मिळून १०९ तासांचं मराठी बोलणं रेकॉर्ड केलं. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : गरीब घरांतल्या माणसांच्या रेकॉर्डिंगचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा होता. ज्यांचे आवाज साठ्यात नसतात तेच लोक तो साठा उत्तम तयार करू शकतात, आणि त्यातून त्यांना चार पैसेही मिळू शकतात.

आता तर मोठे प्रकल्प सुरू आहेत. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’त ‘भाषादान’ नावाचा विभाग आहे. तिथे तुम्ही वाक्य वाचून आवाज देऊ शकता, दुसऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकून बरोबर-चूक सांगू शकता, चित्रातला मजकूर टाइप करू शकता. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्येही मराठी आहे आणि तो साठा कुणालाही मोफत वापरता येतो. आयआयटी मद्रासचा ‘एआयफॉरभारत’ गट २२ भारतीय भाषांवर काम करतोय. बेंगळुरूच्या आयआयएससीने गूगलच्या मदतीने ‘वाणी’ प्रकल्प घेतला, त्यातली कल्पना तर फार छान आहे. वाक्य वाचायला दिलं की माणूस पुस्तकी बोलतो. म्हणून तिथे समोर चित्र ठेवतात आणि म्हणतात, ‘यात काय दिसतंय ते तुमच्या भाषेत सांगा.’ भाषेची नावं ठरवून नाही, तर देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन आवाज गोळा करायचे, असा तो बेत आहे. मग जिल्ह्यात जे बोलतात ते येतं, ‘मले’ आणि ‘माका’सकट.

डोळ्यांच्या बाबतीतही असंच एक काम आपल्या घरचं आहे. महाराष्ट्रातल्या दप्तरखान्यांत मोडी लिपीतले कागद गठ्ठ्यांनी पडून आहेत आणि मोडी वाचणारे मोजके. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. छापील देवनागरी वाचणारा फोन इथे हात टेकतो. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीच्या पानाचं देवनागरीत रूपांतर करणारं एआय तंत्र पुढे आणलं. त्यासाठी शिवकाल, पेशवेकाल आणि इंग्रजकाळातल्या मोडी कागदांच्या दोन हजारांहून जास्त प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी वाचन, असा साठा तयार केला. या कामात पुण्याच्या सीओईपीचे विद्यार्थीही होते. म्हणजे तुमच्याच वयाचे.

आणि हे सगळं कशासाठी, असं वाटलं तर ‘मणी’ हे ॲप बघा. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलं. दृष्टिहीन माणसाने नोट कॅमेऱ्यासमोर धरायची, ॲप किंमत बोलून सांगतं, नेट नसलं तरी. मायक्रोसॉफ्टचं ‘सीइंग एआय’ समोरचा मजकूर वाचून दाखवतं. ते बनवणाऱ्या संघाचे प्रमुख साकिब शेख स्वतः दृष्टिहीन आहेत. तुम्हा-आम्हाला कॅमेऱ्याने झाडाचं नाव सांगितलं तर मजा वाटते. कुणाला रिक्षावाल्याने दिलेले सुटे पैसे बरोबर आहेत का, हे कुणाला न विचारता कळतं.

आवाज द्या, पण डोळे उघडे ठेवून

इथे थोडं थांबा. आवाज आणि चेहरा या गोष्टी पासवर्डसारख्या बदलता येत नाहीत. २०१९ मध्ये उघड झालं, की बड्या कंपन्यांच्या व्हॉइस असिस्टंटची काही रेकॉर्डिंग्ज कंत्राटी माणसं ऐकत होती. ॲपलने त्याबद्दल माफीही मागितली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलं, की तीन सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. ‘आई, मी अडचणीत आहे, पैसे पाठव,’ असा हुबेहूब तुमच्या आवाजातला फोन घरी जाऊ शकतो. त्याच वर्षी आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचं तत्त्व साधं आहे : तुमची माहिती घ्यायची तर तुम्हाला विचारून, आणि कशासाठी ते सांगून.

म्हणून फरक लक्षात ठेवा. भाषादान, कॉमन व्हॉइस अशा ठिकाणी आवाज कशासाठी घेतायत ते तुम्हाला माहीत असतं आणि तुम्ही स्वतःहून देता. कुठल्याशा फोटो एडिटिंग ॲपने माइकची परवानगी मागितली, तर ती कशाला, हे विचारायचं तुमचं काम.

रविवारची पाऊण तासाची कामं

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा आणि माइक, कॅमेरा कुठल्या ॲपना दिलाय ते बघा. ज्यांना गरज नाही त्यांचं बंद करा. पाच मिनिटं.

२. घरच्यांसोबत एक खुणेचा शब्द ठरवा. पैशांचा फोन आला आणि तो शब्द आला नाही, तर आधी फोन ठेवायचा आणि मग नेहमीच्या नंबरवर उलट लावायचा. पाच मिनिटं.

३. आजी-आजोबांच्या फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करून द्या. लिहिता येत नाही म्हणून ज्यांनी कधी मेसेज केला नाही, त्यांचा पहिला मेसेज तुम्हाला येऊ द्या. पंधरा मिनिटं, आणि थोडा धीर.

४. भाषादान किंवा कॉमन व्हॉइसवर वीस वाक्यं वाचा. प्रमाण मराठीतलं वाक्य असलं तरी उच्चार तुमचाच ठेवा, रेडिओवरच्या निवेदकाचा नको. तुमचा हेल, तुमचा ‘ळ’, तुमचा ‘च’ त्या साठ्यात जाऊ दे. आणि दुसऱ्यांची वाक्यं तपासताना वेगळा हेल ऐकू आला म्हणून ‘चूक’ दाबू नका. वीस मिनिटं.

एनएसएसचं युनिट असेल, भाषा मंडळ असेल, तर हे वर्षभराचं काम होऊ शकतं. गावोगावच्या शिबिरात झाडं लावता, सर्वेक्षण करता, तसे बोलीतले आवाजही गोळा करता येतील, माणसांना नीट विचारून. कॉम्प्युटरची मुलं आणि मराठीची मुलं एका टेबलावर बसावीत, असे प्रकल्प कॉलेजात फार नसतात. हा त्यातला एक आहे. कॉम्प्युटरवाल्यांना साठा हवाय, आणि कुठला शब्द कुठल्या तालुक्यात कसा बोलतात, ते मराठीवाल्यांना ठाऊक आहे.

ऑड्रीला फक्त आपल्या मालकाचा आवाज कळायचा. आज फोनला कोट्यवधी लोकांचं बोलणं कळतं, कारण मधल्या काळात कुणीकुणी बसून त्याला आपापलं बोलणं ऐकवलं. तुमच्या बोलीतलं वाक्य अजून त्याला कळत नसेल, तर ते त्याला अजून कुणी पुरेसं ऐकवलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा पुढच्या वेळी फोनने ‘गेल्तो’चं ‘गेलो होतो’ केलं, तर स्वतःला सुधारू नका. खोडा, परत ‘गेल्तो’ लिहा आणि पाठवा. मित्राला बरोबर कळेल. फोनलाही शिकू द्या.